घराचा वाटा

“मासे खातंस?”

भागीरथी कुबलने मला विचारलेला पहिला प्रश्न हा. नाव नाही, गाव नाही, पाणी हवंय का नाही. ती ओटीवर पाय पसरून बसली होती आणि मी खळ्याच्या कडेला, चपला हातात घेऊन उभी होते. खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, नुकतंच सारवलेलं होतं आणि त्याच्यावर पाय उमटवायची मला लाज वाटत होती.

“नाही,” मी म्हटलं. “आमच्यात चालत नाही.”

“मगे हयसर घर घेवन करतलंस काय? दर्याक बघीत बसतलंस?”

“बसेन की. बघायला भाडं पडतं होय?”

माझ्या मागे माझा भाऊ मल्लाप्पा उभा होता, तो फसकन हसला. तो माझ्या बाजूने आलेला नव्हता. माझं डोकं ठिकाणावर आणायला गडहिंग्लजहून रजा टाकून आला होता.

मी तेव्हा पन्नाशीला टेकले होते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं, आणि इचलकरंजीत मागावरच्या कामगारांना भाकऱ्या करून देण्याचा माझा धंदा बरा चालला होता. धंदा चालला तरी राहायला कायम भाड्याची खोली. आदल्या दिवाळीनंतर बचत गटाच्या बायकांबरोबर समुद्र बघायला म्हणून खारवण्याला आले. बाकीच्या पाण्यात साड्या भिजवत खिदळत होत्या आणि मी किनाऱ्याने चालत सुटले. माडांच्या रांगेत, वाऱ्याकडे पाठ करून बसलेलं हे चिऱ्यांचं घर दिसलं. होडीच्या जुन्या फळीवर ‘विकणे आहे’ असं रंगवून ती बेड्याला, अंगणाच्या फाटकाला, टांगली होती. मी तिथेच ठरवलं. मल्लाप्पा म्हणतो, लोक म्हैस घेताना चार वेळा दात बघतात आणि तू घर घेताना कौलंसुद्धा मोजली नाहीस. नाही मोजली.

“घर बघलंस?” भागीरथीने विचारलं.

“बघितलं.”

“आवाडला?”

“आवडलं.”

“दोर बघलंस?”

मला काही कळलं नाही. तेव्हा ती भिंतीला धरून उठली, गुडघ्यावर हात देत देत मला घराच्या दक्षिणेला घेऊन गेली. तिथे झावळांनी शाकारलेला मांगर होता आणि आत छतापर्यंत जाळं रचून ठेवलं होतं. मांगराच्या दारातून एक पायवाट निघून तिच्या खळ्याला घासून थेट वाळूत उतरत होती. इतकी तुडवलेली, की तिच्यावर गवताची एक काडी नव्हती.

“ही रापणीची वाट,” ती म्हणाली. “होडी जाळा घेवन दर्यात जाता, अर्दो गोल मारता आणि परत येता. जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यार. दोनय बाजूक माणसा लागतत आणि वढून जाळा भायर काढतत. गावता ता सगळ्यांचा. ह्या घराचो रापणीत एक दोर हा. म्हंजे ह्या घरातला एक माणूस दोराक व्हयाच. माझो घोव होतो तवसर तो. तो गेल्यार मी. आता माझी ढोपरां गेली.”

“मग आता?”

“आता माझो झिल दिगंबर म्हणता मुंबयक चल. घर इक. पुण्यासून एक हॉटेलवालो इल्लो, तो तुझ्यापेक्षा जास्ती देता. पण तो हय गडगो घालतलो. गडगो घातल्यार रापण दर्यार जातली खयसून?”

“मी कुंपणाचा गडगा घालणार नाही.”

“ता सगळेच म्हणतत. दोर वढतलंस?”

मल्लाप्पाला राहवलं नाही. “गिरजे, चल. घर घ्यायला आलीयास का हमाली करायला?”

मी माझे तळहात बघितले. आयुष्यभर गरम तव्यावर भाकऱ्या उलटून त्यांची कातडी चामड्यासारखी झाली होती. “ओढीन,” मी म्हटलं.

भागीरथीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “शिमग्यापर्यंत रव. वढून दाखय. मगे बघतंय.”

मल्लाप्पा दुपारच्या गाडीने एकटाच परत गेला. जाताना म्हणाला, “आठ दिवसांत येशील. तोवर तुझ्या खोलीचं कुलूप मी बघतो.” मी त्याला म्हटलं, खोली सोडून दे. त्याला वाटलं मी रागाने म्हणतेय.

मग मी भागीकाकींच्या घरात राहायला लागले. काकी त्यांना मी म्हणायला लागले, त्या मला बाये म्हणायच्या, आणि रागावल्या की ‘घाटी’. आतल्या चुलीवर त्यांचं निस्तं शिजायचं, म्हणजे मासळीचं कालवण, आणि बाहेरच्या पडवीत तीन दगड मांडून मी माझी भाकरी-भाजी करायची. पहिल्या दिवशी मी त्यांना माझी भाकरी दिली. त्यांनी ती त्यांच्या कालवणात बुडवून खाल्ली आणि म्हणाल्या, “बरी असा गो. निस्त्याक बरी.” माझी भाकरी बिचारी, तिने जन्मात कधी मासा बघितला नव्हता.

रापणीचा म्होरक्या बाबल खवणेकर. त्याला सगळे तांडेल म्हणत. डोक्याला लाल टॉवेल, छाती माडाच्या बुंध्यासारखी, आणि जीभ अशी की कोणालाही सोडायची नाही. पहिल्या सकाळी मी पदर खोचून वाळूत उतरले तेव्हा तो म्हणाला, “बाये, ह्या काय देवळाचा घाट नाय, घंटा वाजवन, नमस्कार करून जावक.”

“माझी घंटा वाजेल तेव्हा बघू,” मी म्हटलं.

“भागीचो दोर हा म्हणान घेतंय. तू पडलंस तर आमी थांबूचे नाय.”

“थांबायला सांगितलंय कोणी?”

पाण्याकडून तिसरी जागा भागीकाकींच्या घराची. तिथे मला उभं केलं. दोर ओला, खारट, काथ्याचा. सगळे एका सुरात ओरडून मागे झुकायचे आणि उलट्या पावलांनी वाळूत वर सरकायचे. वर पोचलेला माणूस दोर सोडून पळत खाली यायचा आणि पुन्हा पुढे लागायचा. माझ्या चामड्यासारख्या तळहातांचा माज पहिल्याच सकाळी उतरला. तवा भाजतो, दोर सोलतो. संध्याकाळी मी तूप लावून हात फुंकत बसले होते तर भागीकाकींनी तूप पुसून टाकलं आणि मीठ घातलेल्या कोमट पाण्यात माझे हात बुडवले. मी इतकी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

“आरड,” त्या म्हणाल्या. “माझो घोव पण आरडलेलो.”

बरेच दिवस जाळं जवळजवळ रिकामंच यायचं. थोडा पेडवा, चार खेकडे, शेवाळ. तरी सगळे दुसऱ्या दिवशी हजर. मिळेल त्याचे वाळूत ढीग लावायचे, दोराच्या एकेका घराला एकेक वाटा. भागीकाकी किनाऱ्यावर उपड्या टोपलीवर बसून असत, बाबल त्यांच्यापुढे वाटा ठेवी आणि त्या तो पाटीत भरून घेत. मूठभर असला तरी घेत. मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मला घर हवं होतं, त्याच्यासाठी मी दोर ओढत होते, हिशेब सरळ होता.

हळूहळू बाबल माझ्याशी धड बोलायला लागला. एकदा होडी उचलताना माझ्याशेजारी खांदा देत म्हणाला, “घाटार आणि असली बायलमाणसा हत काय?”

“आहेत की. पण ती सगळी भाकऱ्या थापतायत.”

“मगे बरा हा,” तो म्हणाला. “तू एकटीच पुरे.”

शिमगा जवळ आला तेव्हा एका सकाळी भागीकाकी अंथरुणातून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, पोट बिघडलंय, पेज करून ठेव, मी आज वाळूत येत नाही. पाटी माझ्याकडे दिली आणि तोंड भिंतीकडे केलं.

त्या दिवशी जाळं इतकं जड आलं की दोन्ही दोरांवरची माणसं गुडघ्यांवर आली. माणसं ओरडायला लागली, घराघरांतून बायका पाट्या घेऊन धावत आल्या. जाळं वाळूत आलं आणि सकाळच्या उन्हात नुसता बांगडा उसळत होता. मी माशाला हात लावत नाही, पण खोटं कशाला बोलू, मलासुद्धा आनंदाने ओरडावंसं वाटलं. आपण ओढलेलं काहीतरी भरून आलं होतं.

वाटे लागले. बाबलने एक मोठा ढीग माझ्या पायाशी ओतला.

“ह्यो तुझो,” तो म्हणाला. “भागीन सांगल्यान, आजपासून ह्या घराचो वाटो तुझ्या नावान.”

सगळे माझ्याकडे बघत होते. बांगड्यांचे डोळे माझ्याकडे बघत होते. मला भरून आलं, आणि भरून आलं की मी जास्त बोलते, हा माझा जुना स्वभाव.

“अहो, मला काय करायचेत? मी खात नाही, आणि काकींना आज पेज आहे. तुमच्यातच वाटून घ्या. मी काही माशांसाठी दोर ओढत नाही.”

मला वाटलं, मी किती मोठेपणाने बोलले. पण कोणी हसलं नाही. बाबलने डोक्याचा टॉवेल सोडला.

“सोडलंस?” त्याने विचारलं.

“हो. सोडला.”

“वाटो सोडलंस?” पुन्हा विचारलं, अगदी हळू.

“आता काय कागदावर लिहून देऊ?” मी हसत म्हटलं. “सोडला म्हणजे सोडला.”

त्याने मान हलवली. एकेकाने आपापला वाटा उचलला आणि माणसं वर निघून गेली. जाताना माझ्याशी कोणी बोललं नाही. माझ्या वाट्यातल्या एकाही माशाला कोणी हात लावला नाही. मी माझ्या जागेचा दोर गुंडाळायला घेतला, तो बाबलने माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतः गुंडाळला.

घरी आले तर भागीकाकी उठून पेज पीत होत्या. घाईने विचारलं, “घेतलंस?”

मी घडलेलं सांगितलं. मला वाटलं होतं त्या खूश होतील, की बघा, आमची बाई किती उदार. त्यांनी वाटी खाली ठेवली.

“तेणा तुका इचारल्यान?”

“विचारलं. दोनदा विचारलं.”

“आणि तू काय सांगलंस?”

“सोडला म्हटलं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, “दिगंबराक फोन कर. त्येका सांग, त्या पुण्याच्याक घेवन ये.”

मला आधी वाटलं थट्टा आहे. मग त्यांचं तोंड बघितलं आणि रिकामी पाटी खाली ठेवली.

“काकी, मी काय चोरी केली? माझं होतं ते मी दिलं.”

“कोणाक दिलंस? रापणकारांका? तेंका काय भीक व्हयी? वाटो सोडलो म्हंजे दोर सोडलो. रापणीत दुसरा काय नसता. म्हणान इचारतत, दोनदा इचारतत.”

“मला कोणी सांगितलं होतं?”

“सांगूक कित्याक व्हया? इतके दिस बघलंस नाय? पेडव्याची मूठ असली तरी मी उचललंय. शेवाळ असला तरी उचललंय. कोण सोडता काय?”

“पण मी दोर ओढते आहे ना! उद्याही ओढीन. मासा घेतला काय, न घेतला काय!”

“वढतलंस आणि घेवचंस नाय, तर तू पावणी. पावणे जातत.” त्यांचा आवाज चढला. “आणि दोराशिवाय घर तुका दिवचा, तर त्या पुण्याच्यान माझा काय घोडा मारल्यान? तो पैशे तरी जास्ती देता!”

मी भडकले. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. पण जे मी कोणालाही, मल्लाप्पालासुद्धा, सांगितलं नव्हतं ते त्या पडवीत उभी राहून सांगितलं. इचलकरंजीत एका मालकिणीने भर पावसात माझी पेटती चूल उचलून रस्त्यावर ठेवली होती. भाड्यापायी नव्हे. भाडं मी कधी थकवलं नाही. तिच्या भाच्याला खोली हवी होती म्हणून. चुलीवर भाकरी होती, तव्यासकट भिजली. वर ती म्हणाली, “गिरिजाबाई, मनाला लावून घेऊ नका, घर शेवटी ज्याचं त्याचं.” त्या दिवसापासून माझ्या मनात एकच होतं. एक चूल, जी तिथून कोणी उचलणार नाही. समुद्र काय, डोंगर काय, माळ काय, मला सारखंच. ह्या घरापुढे उभी राहिले तेव्हा वाटलं ही ती जागा. “मी इथून जायची नाही,” मी म्हटलं. “पुण्याचा येऊ दे, नाहीतर दिल्लीचा येऊ दे. ह्या पडवीतले तीन दगड कोणी हलवून दाखवा.”

भागीकाकी सगळं ऐकत होत्या. मग वाटी उचलून उरलेली पेज पिऊन टाकली, तोंड पुसलं, आणि म्हणाल्या, “माका कित्याक सांगतंस? वाटो थय वाळयेत हा. भरती येयसर तो तुझो. भरतीन नेल्यान की मगे कोणाचोच नाय.”

मी पाटी उचलली आणि धावले. ह्या वयात, माणसांदेखत, धावले.

वाळूत कावळे बसले होते. त्यांना हाकललं. पाणी ढिगापासून हातभरावर येऊन मागे जात होतं. मी गुडघे टेकले आणि तिथेच अडकले. माझ्या गळ्यात इष्टलिंग आहे. आईने लहानपणी बांधलं, रोज सकाळी तळहातावर घेऊन पूजा करते. त्याच तळहाताने मी जन्मात माशाला शिवले नव्हते. मी ते लिंग चोळीच्या आत सारलं आणि म्हटलं, देवा, तू तुझं बघ, मी माझं बघते. मग हात घातला.

गार, बुळबुळीत. दोन-चार सुटून पडले. मग मी ठरवलं की ही भिजलेली भाकरी आहे, माझ्या त्या तव्यावरची, आणि ती मला गोळा करायची आहे. तसं म्हणून एकेक उचलत गेले. शेवटचे मासे उचलताना पाणी माझ्या साडीच्या निऱ्यांपर्यंत आलं होतं. पाटी भरली, काठोकाठ भरली. डोक्यावर घ्यायला कोणी नव्हतं, मीच कशीबशी घेतली.

वर वाडीतून जाताना दारादारांतून माणसं बघत होती. पाटीतलं पाणी माझ्या कपाळावरून ओघळत होतं. उचलला, हे सगळ्यांनी बघितलं. पण उचलून करायचं काय? पुरून टाकला असता तर तो सोडल्यासारखाच. मला एकच धंदा येतो, केलेलं विकायचा. मी तशीच तिठ्यावरच्या बाजारात गेले.

मासेवाल्या बायकांनी मला बघून बोलणं थांबवलं. मग एक जाडी बाई हसायला लागली आणि तिने आपलं बसकण बाजूला ओढून घेतलं. “बस गो. उबी रवन मासो इकतत काय?”

पहिलं गिऱ्हाईक चष्मेवाले गृहस्थ होते. “ताजे आहेत का?”

“सकाळी मी स्वतः ओढलेत.”

“चवीला?”

“ते मला काय विचारता? मी आयुष्यात खाल्ले नाहीत.”

ते हसत सुटले आणि पिशवी भरून घेऊन गेले. कावळ्यांनी चोच मारलेले मी आधीच बाजूला काढले होते, ते बाजारातल्या मांजरांना गेले. ऊन कलायच्या आत पाटी रिकामी झाली.

परत येताना बाबल होडीच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. मी रिकामी पाटी त्याच्यापुढे ठेवली.

“उचलला,” मी म्हटलं.

त्याने वर बघितलं नाही. “इकलंस?”

“विकला.”

“काय भावान?”

मी भाव सांगितला. त्याने सुई खाली ठेवली आणि कपाळावर हात मारला. “बांगडो? ह्या भावान? बाये, तू आमची रापण बुडवतलंस!” मग पाटी उचलून माझ्या हातात दिली. “सकाळी ये. आणि भाव त्या जाडग्या बायलेक इचार. ती माझी बायको.”

घर आलं तसं माझ्या जिवात जीव आला. भागीकाकींनी माझ्या हातांचा वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला जवळ ओढलं. फोनचं त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

शिमगा झाला. दिगंबर मुंबईहून आला, दोन दिवस धुसफुसला. “आई, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागतेस,” म्हणाला. मी तिथेच बसले होते. पळती मी. पण घर आईच्या नावावर होतं आणि आईने ठरवलं होतं. तालुक्याला जाऊन सह्या झाल्या, आणि चिऱ्यांचं ते घर गिरिजा शिंत्रे ह्या बाईचं झालं. मल्लाप्पाला कळवलं. तो म्हणाला, “कौलं मोजलीस का?”

एक गोष्ट मात्र मला खात होती. त्या बांगड्याच्या दिवसानंतर बाबल वाटा पुन्हा भागीकाकींच्याच नावाने काढायला लागला होता. “भागीचो,” म्हणून ढीग लावायचा. उचलून मी आणायचे, विकायचेही मीच, पण नाव त्यांचं. सह्या झाल्यावरही तसंच. मी विचारलं नाही. एकदा बोलून अद्दल घडली होती. पण रात्री पडवीत पडल्यावर वाटायचं, घर माझं झालं आणि तरी मी अजून पाहुणीच.

पाडवा झाल्यावर भागीकाकींचा जायचा दिवस आला. बोचकं बांधून ओटीवर ठेवलं होतं, दिगंबर रिक्षा आणायला तिठ्यावर गेला होता. खाली रापण लागली होती. त्या मला म्हणाल्या, “चल, माका वाळयेत ने.”

माझ्या खांद्यावर हात टाकून त्या उतरायला लागल्या. अर्ध्या वाटेत थांबल्या. गुडघ्यांसाठी असेल असं मला वाटलं.

“त्या दिसा माझा पोट बिघडला नव्हता,” त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं.

“वाटो दुसऱ्याक दिवचो तर आदी आपण सोडूचो लागता. वाळयेत उबी रवन, सगळ्यांदेखत. तांडेल इचारता आणि सांगूचा लागता. माझ्यान जमणा नव्हता गो. म्हणान मी भिंतीक तोंड करून निजलंय आणि बाबलाक सांगलंय, परस्पर तिच्या नावान घाल. तेणा घातल्यान.” त्या पुन्हा चालायला लागल्या. “तुका कायच म्हायत नाय आणि तू बघ, माझा सोडूचा तूच सोडून इलंस. चूक माझी.”

मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर नीट ओढून घेतला.

वाळूत त्या आपल्या तिसऱ्या जागेवर गेल्या, माणसांनी न सांगता जागा केली. त्यांनी दोराला हात लावला. ओढण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं, त्यांच्यामागे मी लागले आणि दोघींच्या वाटचं ओढलं. जाळं आलं. बेताचंच होतं, पण बाबलने घराचा ढीग नेहमीपेक्षा मोठा लावला आणि वर दोन चांगले सरंगे ठेवले, भागीकाकींच्या आवडीचे. “भागीचो,” तो म्हणाला.

भागीकाकी वाकल्या. त्यातला एक सरंगा उचलून हातात धरला, त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला, आणि परत ढिगावर ठेवून दिला. मग ताठ उभ्या राहिल्या.

बाबलने डोक्याचा टॉवेल सोडला. “सोडलंस?”

“सोडलंय.”

“भागी, वाटो सोडलंस?”

“सोडलंय म्हणतंय ना रे!”

त्या वळल्या आणि माझा खांदा न घेता, एकट्या, पाय ओढत वर चालायला लागल्या. सगळी माणसं उभी होती. मी पाटी घेऊन त्या ढिगापुढे उभी होते आणि माझ्याने वाकवत नव्हतं. एवढी मी त्या घरासाठी भांडले होते, आणि आता नुसतं वाकायचं होतं, तर ते होईना. डोळ्यांतलं पाणी नाकावरून गळत होतं. लाटेचं पाणी पायांशी आलं, ढिगाच्या कडेचा एक मासा हलला.

भागीकाकी वाटेवर माझ्या खळ्यापाशी पोचल्या होत्या. त्यांनी मागे बघितलं नाही. पण मला ओळखत होत्या.

“घाटये!” त्या तिथूनच ओरडल्या. “बघतंस काय? भरती येता. उचल गो!”

मी उचलला.